झाड क्रमांक सात

आमच्या सोसायटीच्या आवारात अकरा झाडं आहेत. ती मी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नऊ ते पावणेदहा या वेळात मोजली, प्रत्येकाचा एक फोटो काढला आणि दहा वाजता कणीक मळायला घेतली. त्या पंचेचाळीस मिनिटांत मी एका झाडाला मेलेलं ठरवलं होतं.

कामाचं कारण साधं होतं. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक वाळकी फांदी पडून पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलं. आमच्या कमिटीने ठराव केला की पुढच्या पावसाच्या आत आपल्याकडची मेलेली झाडं काढून टाकण्यासाठी पालिकेकडे अर्ज करायचा. असे ठराव पुष्कळ होतात. त्यातले जे अमलात येतात ते मी वहीत उतरवून घेते म्हणून येतात. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि माझ्याकडे बहुतेक गोष्टींची यादी असते: गच्चीची किल्ली कोणाकडे गेली, गणपतीत कोणाकडून किती पाट आणले, कोणाच्या घरची मोरी खाली गळते. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "गिरगावची सून आणली ती रजिस्टर घेऊनच आली." ते कौतुक होतं की टोमणा, हे मी चोवीस वर्षांत विचारलेलं नाही.

झाडांसाठी मी पाच रकाने आखले. क्रमांक, नाव, जागा, पाने आहेत किंवा नाहीत, शेरा. दोन नारळ, तीन सरळसोट अशोक, एक बदाम, एक जांभूळ, कधीच न फळणारा एक आंबा, शेवगा, उंबर. राहिलं एक. ते कुंपणाच्या भिंतीला लागून आहे आणि आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत येतं. त्याचं नाव मला येत नव्हतं. अंगावर एक पान नव्हतं. नुसत्या चपट्या, वाळलेल्या, गवताच्या रंगाच्या शेंगा लटकत होत्या. मी लिहिलं: क्रमांक सात. नाव माहीत नाही. पाने नाहीत. मृत. फोटो काढला, जोडला.

कमिटीत त्यावर एक मिनिटसुद्धा चर्चा झाली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी नुकतीच गाडी घेतली होती आणि ती त्यांना दोन गल्ल्या सोडून लावावी लागत होती. ते म्हणाले, "ताई, ते सात नंबर गेलं ना, तिथे दोन गाड्या आरामात बसतात. नीट लावल्या तर तीन."

"तुमच्याकडे एकच आहे," मी म्हटलं.

"पुढचा विचार करायला नको?"

मार्चमध्ये पालिकेकडून उत्तर आलं. एकोणीस दिवसांनी निरीक्षक येऊन झाड बघतील. मेलेलं असेल तर जागेवरच परवानगी देतील, मग तोडायचं काम सोसायटीने करून घ्यायचं. मी कॅलेंडरवर खूण केली, झाडतोड्याचा नंबर मिळवून ठेवला आणि फोटोंसकट सगळी यादी नोटीस बोर्डावर लावली, म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं असं नंतर कोणी म्हणायला नको.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर तळमजल्यावरचे काका बोर्डासमोर उभे. हे काका मालवणकडचे. गिरणी चालू होती तोवर फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड टेबलावरून सरकत जायचं आणि त्यातली खोट शोधून तिथे खडूने खूण करायची, हे त्यांचं काम. आता सत्तरी उलटली तरी कोणाच्याही कपड्याकडे ते आधी शिवण बघतात, मग माणूस.

"सेक्रेटरीणबाय," ते म्हणाले, "ह्यां झाड मेलां म्हणान कोणी लिवल्यान?"

"मी लिहिलं, काका. एक पान नाहीये त्याला. फोटो बघा ना."

"फोटो बघलंय. एका दिवसाचो आसा."

"म्हणजे?"

"शिरस तां. दरवर्सा असांच उघडां पडता. पानां गळतत, मगे परत येतत. तू हय इल्यार किती वर्सां झाली?"

"चोवीस."

"आणि गॅलरी खयच्या अंगाक तुझी?"

मला उशीर होत होता आणि माझी गॅलरी कुठल्या अंगाला आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. "काका, असं नुसतं सांगून कसं चालेल? काहीतरी पुरावा लागतो," एवढं म्हणून मी निघाले.

"पुरावो!" मागून आवाज आला. "मी पन्नास वर्सां हय बसलंय तो काय माश्ये मारूक?"

बसमध्ये बसल्यावर मात्र मला आठवायचा प्रयत्न करावासा वाटला. पावसाळ्यात गॅलरीसमोर काय दिसतं? दोऱ्या, दोऱ्यांवरचे कपडे, त्यामागे हिरवं काहीतरी. तो हिरवा रंग सात नंबरचा की शेजारच्या उंबराचा, हे मला सांगता येईना. दिवाळीत? आठवेना. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचा क्रम मी डोळे मिटून सांगू शकते. हे झाड गॅलरीच्या कठड्यापासून दहा फुटांवर आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर मी जुने फोटो काढले. आमच्याकडे गॅलरीतच फोटो काढायची पद्धत आहे, कारण घरात उजेड नाही. हळदीकुंकू, मुलीचे वाढदिवस, नणंदेची मंगळागौर, नवऱ्याने पहिला सूट शिवला तो दिवस, सगळं त्या कठड्याशी. मी फोटो मोठे करून माणसांच्या डोक्यांमागे बघायला लागले. मुलगी शेजारी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती. तिने वाकून बघितलं.

"आई, आजीचा चेहरा कापून तू काय बघतेयस?"

"मागचं झाड."

मी कागदावर लिहीत गेले. मुलीचा वाढदिवस, मार्चचा पहिला आठवडा: पाने नाहीत. पुढच्या वर्षीचा वाढदिवस: नाहीत. त्याच्या पुढच्या: नाहीत, शेंगा आहेत. मंगळागौर, श्रावण: गच्च हिरवं. दिवाळी: हिरवं. बारावीच्या निकालाचा पेढा, मे महिना: हिरवं, आणि वर पांढरट काहीतरी, बहुतेक फुलं.

"तू झाडाचं आधार कार्ड काढतेयस का?" मुलगी म्हणाली. मग तिने तिच्या मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. शिरीष. हिवाळ्याच्या शेवटी पानगळ. वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. "आई, हे तर सगळं जुळतंय. मग तू मेलेलं का लिहिलंस?"

"कारण त्या दिवशी पाने नाहीत हा रकाना होता," मी म्हटलं.

चूक कळली की दुरुस्त करायची, त्यात मी वेळ घालवत नाही. त्याच संध्याकाळी अध्यक्षांकडे गेले. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं तर नियम सांगतात. ते म्हणाले, "अर्ज कमिटीच्या ठरावाने केला. मागे घ्यायलाही ठराव लागेल. आणि खरं सांगू? सातजणांतले पाच नको म्हणतील. सगळ्यांना ती जागा हवीय."

"पण झाड जिवंत आहे."

"होतं असं तुमचे फोटो सांगतात. गेल्या वर्षीपर्यंत. यंदा ते मेलेलं नाही कशावरून?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आदल्या वर्षी त्या भिंतीलगत गटाराचं काम झालं होतं, मुळं तोडली गेली असणार. अध्यक्ष पुढे म्हणाले, "निरीक्षक येतायत ना? त्यांना हिरवं पान दाखवा. तुमचा प्रश्न मिटला."

तेव्हा अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज एक फोटो काढायचं ठरवलं. आमच्याकडे पाणी सकाळी साडेसहाला जातं. पिंप भरलं की गॅलरीत यायचं, कठड्यावर दोरीची तिसरी खिट्टी आहे तिथे कोपर टेकायचं, मोबाईल आडवा धरायचा आणि फोटो काढायचा. जागा तीच, वेळ तीच, म्हणजे फरक कळतो. मग झाडाचे पाच भाग करून जवळचे पाच फोटो. रोजचे सहा. खाली तारीख.

पहिले पाच दिवस शेऱ्यात एकच शब्द होता: फरक नाही. पण रोज तिथे पाच मिनिटं उभं राहायचं म्हटल्यावर झाडाकडे बघण्याखेरीज दुसरं कामच नसतं. मला ही सवय नव्हती. मी उभी असते तेव्हा हातात काहीतरी असतं, निवडायची मेथी तरी. इथे हातात मोबाईल होता आणि तो हलवायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी मला कळलं की शेंगांचा आवाज वाऱ्याच्या आधी येतो, म्हणजे मला वारा लागायच्या आधी वरच्या फांद्यांना लागलेला असतो. चौथ्या दिवशी एक मुंग्यांची रांग दिसली. ती भिंतीवरून खोडावर आणि खोडावरून एका ठराविक फांदीवरच जात होती, बाकीच्यांवर नाही. पाचव्या दिवशी बुलबुलाची जोडी आली. त्यातला एक मी कठड्याशी आल्याबरोबर दरवेळी एकच काटकी सोडून पलीकडच्या काटकीवर जाऊन बसायचा. इतकंच, उडून नाही. माझं तिथे येणं त्याला तेवढ्याच किमतीचं वाटत असावं. यादीत यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहायला लागले.

सहाव्या दिवशी रविवार होता. मला काकांच्या बोलण्यावर पूर्ण भरवसा नव्हता आणि माझ्यावरही उरला नव्हता. दुसरे शिरीष काय करतायत ते बघावं म्हणून मी कॉटन ग्रीनला गेले. गोदामांच्या बाजूला तशाच शेंगांची झाडं असल्याचं मला पुसट आठवत होतं. होती. एका भिंतीच्या कडेने ओळीने चार. मी मान वर करून फोटो काढत असताना गोदामाचा पहारेकरी बाहेर आला.

"मॅडम, इधर फोटो मना है."

"गोदामाचा नाही काढत. झाडाचा काढतेय."

त्याने वर बघितलं. "झाड ने क्या किया?"

मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला भिंतीच्या टोकाच्या झाडापर्यंत नेलं. "यह पहले आता है. धूप इधर ज्यादा." त्या झाडाच्या शेंड्यांना हिरवं होतं. अगदी बारीक, पण होतं. चौथ्या झाडावरही ठिपके दिसत होते. मी वीस फोटो काढले, त्याचे आभार मानले आणि परत निघाले. दुसरे शिरीष जागे व्हायला लागले होते. आमचा नव्हता.

सातवा दिवस, फरक नाही. आठवा, फरक नाही. नवव्या दिवशी भाऊ जिन्यात भेटले. "काय ताई, रोज व्यायाम चाललाय गॅलरीत? मोबाईल धरून?"

"झाडाचे फोटो काढतेय."

"मेलेल्या माणसाचा एकच फोटो काढतात हो. तुम्ही अल्बम करताय."

ते वाईट माणूस नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा सगळी धावपळ त्यांनीच केली होती. तरी त्या वेळी मला राग आला आणि तो राग झाडासाठी होता, याचं मला वर पोहोचेपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं. महिन्यापूर्वी मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी काही नाही. अकराव्या दिवशी मी सहा फोटो काढले, चहा ठेवला आणि नेहमीसारखे एकेक मोठे करून बघायला लागले. चौथ्या फोटोत, मुंग्यांच्या फांदीच्या टोकाला, मोहरीएवढे तीन हिरवे ठिपके होते. मला वाटलं मोबाईलच्या काचेवर काही लागलंय. पदराने पुसली. ठिपके तिथेच. पुन्हा गॅलरीत गेले, नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. पुन्हा फोटो काढला. तीनच्या जागी पाच सापडले.

चहा उतू गेला. मुलगी झोपेतून उठून आली. तिला फोटो दाखवला तर म्हणाली, "हे? एवढंसं?" आणि मग माझ्याकडे बघून, "बरं बरं, खूप आहे."

त्यानंतर फार वेगाने झालं. तेराव्या दिवसापर्यंत झाडाच्या अर्ध्या भागावर पोपटी पालवी होती. मी त्या दिवशीचा सकाळी साडेसहाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'झाड क्र. ७ जिवंत आहे.' पाच अंगठे आले. मग भाऊंचा मेसेज: 'ताई झूम करून बघा. पानं कोमेजलीत. आली तशी चाललीत.'

मी झूम करून बघितलं. त्यांचं खरं होतं. प्रत्येक डहाळीवरची बारीक पानं एकमेकांना चिकटून खाली लोंबत होती, दोन दिवस फ्रिजबाहेर राहिलेल्या कोथिंबिरीसारखी. मागचे फोटो काढले. बाराव्या दिवशीही तशीच. मी इतके दिवस हिरवं दिसतंय एवढ्याच आनंदात होते. मुळं तुटलेलं झाड मरताना शेवटची पालवी टाकत असेल का? असं होतं का? कोणाला विचारायचं?

तळमजल्यावर गेले. काका दारात पेपर वाचत होते. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसायलाच लागले.

"किती वाजता काढलंस?"

"साडेसहाला."

"झोपलेलां आसा तां! शिरसाची पानां रातची मिटतत. उन पडला की उघडतत. तू पाणी गेल्याबरोबर जाऊन उठयतस त्येका. तुका कोणी पाचाक उठवून फोटो काढलो तर तू कशी दिसशील?"

"मला पाचालाच उठावं लागतं, काका."

"म्हणान तुका कळाक नाय," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा उघडला.

नऊ वाजता मी ऑफिसात असते. पण साडेआठला निघाले तरी चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. चोवीस वर्षं मी आठ वाजता निघायची वेळ कशासाठी पाळत होते कोण जाणे. चौदाव्या दिवशी मी पर्स खांद्याला लावून सव्वाआठला गॅलरीत उभी राहिले. ऊन समोरच्या गच्चीवरून झाडाच्या शेंड्यावर उतरत होतं. जिथे ऊन पोहोचलं होतं तिथली पानं पसरलेली होती, त्याच्या खालची अर्धी उघडी, आणि सावलीतली अजून मिटलेली. मी दहा मिनिटं दर मिनिटाला एक फोटो काढला. उन्हाची रेघ खाली सरकत गेली आणि पानं उघडत गेली. उघडताना दिसली नाहीत. एका फोटोत बंद, दोन फोटोंनंतर उघडी. ते दहा फोटो मी कोणाला पाठवले नाहीत. का, ते नीट सांगता येत नाही. ग्रुपवर टाकायला दुपारच्या उजेडात मुलीने काढलेला एक फोटो पुरेसा होता, आणि त्यावर भाऊंनी काही लिहिलं नाही.

आता खरं तर काम संपलं होतं. पण यादी करणाऱ्याला एक सवय असते, काय आलं हे लिहिलं की काय आलं नाही तेही तपासायचं. सोळाव्या दिवशी मी सगळे फोटो शेजारी शेजारी लावले. झाडाच्या पाच भागांपैकी चार भरत चालले होते. पाचव्यात, फाटकाच्या बाजूने जी जाड फांदी आडवी येते तिच्यावर, पहिल्या दिवसापासून एकही हिरवा ठिपका नव्हता. शेंगासुद्धा नव्हत्या. सालीचा रंग वेगळा होता. आणि त्या फांदीखालून रोज शाळेत जाणारी पोरं, दूधवाला आणि आम्ही सगळे जातो.

मी सरळ काकांना जाऊन सांगितलं. ते एकदम चिडले.

"एवढां सगळां केलंस आणि आता तूच कापूक सांगतंस? एकदा करवत लावूक दिलंस काय ते थांबतत थय?"

"एकच फांदी, काका. ती वाळलीय."

"आणि तुझो फोटो परत चुकलो तर?"

हे लागलं. मी वर आले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी येताजाताना त्यांच्या दारासमोर पाय रेंगाळवून बघितले, पण पेपर खाली झाला नाही. मी गप्प बसू शकले असते. पालवी बघून निरीक्षक निघून गेले असते. मग पावसात फांदी पडली असती तर सगळं झाडच गेलं असतं, आणि या वेळी थांबवायला कोणाकडे काही उरलं नसतं. मी त्या फांदीचे सोळा दिवसांचे सोळा फोटो एका कागदावर छापून घेतले आणि फांदीभोवती लाल पेनाने वर्तुळ काढलं.

अठराव्या दिवशी साडेदहाला निरीक्षक आले. मी रजा टाकली होती. अध्यक्ष, भाऊ, कमिटीतले आणखी तिघं, आणि थोडं लांब, पेपर बगलेत धरून काका. निरीक्षकांनी वर बघितलं, हातातल्या अर्जाकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"मृत झाड कुठलं?"

"हेच," अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

"अर्जात मी मृत लिहिलं होतं," मी म्हटलं. "ते चूक आहे. पानगळीच्या दिवसांत एकदाच बघून मी लिहिलं. चूक कमिटीची नाही, माझी आहे." सेक्रेटरी झाल्यापासून हे वाक्य मी सात माणसांसमोर कधी बोलले नव्हते. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर बोलून झालं.

निरीक्षक म्हणाले, "मॅडम, असे अर्ज दर वर्षी येतात. अर्ज करून पुन्हा फोटो काढत बसलेलं मात्र कोणाला बघितलं नव्हतं." त्यांनी माझा कागद घेतला, लाल वर्तुळावर बोट ठेवलं आणि भिंतीकडे जाऊन त्या फांदीवर लांब काठीने ठोकलं. पोकळ आवाज आला. शेजारच्या फांदीवर ठोकलं. तो आवाज भरीव होता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला फरक कळला, भाऊंनाही. परवानगी लिहिली गेली ती त्या एका फांदीची. झाडाचं नाव लिहायच्या जागी त्यांनी शिरीष लिहिलं.

तीन दिवसांनी झाडतोड्या आला. तो कमरेला दोर बांधून वर चढला आणि मी तिसऱ्या मजल्यावरून हातात कागद घेऊन त्याला सांगत होते.

"डावीकडची!"

"ही?"

"ती नाही! तुमची डावी!"

"मावशी, माझं तोंड तुमच्याकडे आहे!"

खाली काका दोन्ही हात वर करून ओरडत होते, "थांब रे मेल्या, थांब!" आणि चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत प्रत्येक गॅलरीतून कोणी ना कोणी उजवी-डावी सांगत होतं. शेवटी मुलीने दोरीवरचा लाल टॉवेल खाली नेला आणि लांब काठीला लावून त्या फांदीवर टेकवला. करवत लागली. फांदी दोराने हळूहळू खाली उतरवली गेली.

मी धावत खाली गेले. माझ्याआधी काका पोहोचले होते. कापलेल्या टोकाशी बसून त्यांनी आत बोट घातलं. आतून भुसा बाहेर पडला. पीठ झालं होतं. त्यांनी तो तळहातावर घेतला, कापड बघावं तसा अंगठ्याने पसरवला आणि मला दाखवला.

"खोट खरी," ते म्हणाले. "खूण बरोबर केलंस." मग वर चढलेल्याला ओरडून, "ए, बास! उतर आता! बाकी हात लावू नको!"

मे महिन्यात झाडाला फुलं आली. पावडरीच्या पफसारखी, हिरवट पांढरी, आणि संध्याकाळी सगळ्या जिन्यात त्यांचा वास. मी अजून सव्वाआठला उभी राहते. रोज सहा फोटो काढत नाही. कधी एक, कधी एकही नाही. दादरला मोठ्या बहिणीकडे गेले तरी रस्त्यातल्या एखाद्या झाडाशी दोन मिनिटं थांबते, आणि ती म्हणते, "तुला झालंय काय? पूर्वी तू बोलतसुद्धा चालता चालता होतीस."

ती आडवी फांदी गेल्यावर भिंतीशी एका गाडीपुरती जागा मोकळी झाली. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी गाडी आणून लावली. परवा सकाळी मी निघाले तेव्हा ते फडक्याने काचेवरची फुलं झटकत होते.

"ताई, तुमचं झाड रोज सांडतंय बघा माझ्यावर."

"दुपारी गाडी तापते का?"

त्यांनी जरा विचार केला. "नाही तापत," ते म्हणाले. मग फडकं बाजूला ठेवलं. "एक फोटो काढा ना. फुलं आहेत तोवर. गावी पाठवतो, नवीन गाडी बघितली नाही त्यांनी."

मी चार पावलं मागे गेले, ऊन कुठे पडलंय ते बघितलं, काढला आणि तिथेच त्यांना पाठवला. त्यांनी उघडून बघितला. बराच वेळ बघितला.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "पण ताई, यात गाडी कुठाय?"

खरंच, गाडीचा एक आरसा तेवढा आला होता, तोही कोपऱ्यात. मी दुसरा काढायला पुन्हा मोबाईल उचलला, तर ते म्हणाले, "असू दे. हाच पाठवतो."